ल्युसर्नला मुक्काम आणि गाडीशिवाय आठ दिवस: आजी-आजोबा आणि दोन मुलांसह

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण निघणार. आजी, गुडघेदुखी असलेले आजोबा, आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठ दिवस स्वित्झर्लंड. गाडी भाड्याने न घेता सगळे दिवस ल्युसर्नमध्येच राहून फिरणं जमेल का, पास कोणता घ्यावा, जेवणाचं काय करावं? आणि शेवटी एक ओळ: घरचं तूप आणि हापूस सोबत नेता येईल का?

जमेल. पण प्रश्न 'गाडी की रेल्वे' असा मांडला, की खरी अडचण नजरेआड होते. अशा सहलीत पैसे आणि मनःस्ताप दोन्ही वाया जातात ते एकाच कारणाने: कोणता डोंगर कोणत्या तारखेला, हे दोन महिने आधी पुण्यात बसून ठरवलेलं असतं. मग नेमक्या त्या दिवशी पिलाटुस ढगात असतो आणि सहा जण चांगले पैसे मोजून वर जातात आणि पांढरी भिंत बघून खाली येतात. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, पण तो दिवस संग्रहालयाला दिलेला असतो. म्हणून मुक्काम, पास आणि तिकिटं या सगळ्यांना एकच कसोटी लावायची. सकाळी सात वाजता खिडकीतून बघून त्या दिवसाचा बेत बदलता येतो का? ल्युसर्नमध्ये तो बदलता येतो, आणि गाडी नसेल तर जास्त सहज बदलता येतो.

त्याचं कारण त्या गावाच्या रचनेत आहे. रेल्वे स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर बसथांबे, रस्ता ओलांडला की बोटींचे धक्के. स्टेशन शेवटचं आहे, म्हणजे रूळ तिथेच संपतात आणि सगळे फलाट एका पातळीवर येऊन मिळतात. फलाट बदलायला जिना चढावा लागत नाही, आजोबांसाठी ही फार मोठी सोय. एंगेलबर्ग आणि इंटरलाकेनकडे जाणाऱ्या मीटरगेज गाड्या १२ ते १५ या फलाटांवरून सुटतात, तेवढं लक्षात ठेवा.

गाडीचा मुद्दा एकदाच निकालात काढतो. पार्किंग महाग आहे, १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रत्येक मुलासाठी योग्य आसन लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि सहा माणसं व सहा बॅगा मावतील अशी गाडी घ्यायची तर ती व्हॅनच होते. पण ही सगळी दुय्यम कारणं. मुख्य कारण असं, की गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. इथल्या डोंगरांची खरी मजा एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरण्यात आहे: बोटीने जायचं, दात्यांच्या (म्हणजे रुळांमधल्या दातेरी पट्टीवर चढणाऱ्या) रेल्वेने चढायचं, केबलकारने उतरायचं आणि बसने घरी यायचं. गाडी घेतली की हा फेरा तुटतो. ज्यांना रोज वेगळ्या खिंडीतून भटकायचं आहे त्यांनी खुशाल गाडी घ्यावी, तुमच्या कुटुंबाला ती लोढणं होईल.

आता मुक्काम. जुन्या गावातली, कापेलब्र्युके या झाकलेल्या लाकडी पुलाजवळची हॉटेलं फोटोत मोह पाडतात. पण तिथे फरसबंदी दगडी आहे, बॅगांची चाकं अडकतात, आणि जुन्या इमारतीत लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत पोचायला पाच-सहा पायऱ्या असू शकतात. बुकिंग करताना 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका. 'रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या चढाव्या लागतात' असं विचारा. माझ्या मते तुमच्यासाठी स्टेशनच्या मागचा नॉयश्टाट हा भाग उत्तम: सपाट, दुकानं जवळ, स्टेशन चालत पाच ते दहा मिनिटांवर. तिथे दर परवडत नसतील तर क्रिएन्स बघा, तिथून १ नंबरची बस थेट स्टेशनवर येते आणि पिलाटुसची गोंडोलाही (लहान डब्यांची केबलकार) तिथूनच निघते. वेगिस आणि फित्सनाऊ ही तळ्याकाठची गावं फार सुंदर, पण तिथे ल्युसर्नहून येणारी मुख्य रेल्वे नाही आणि संध्याकाळनंतर बोटी विरळ होतात. नवदांपत्याने तिथे राहावं, चार वर्षांच्या मुलासह राहण्याजोगी ती गावं नव्हेत.

सहा जणांना एका हॉटेलखोलीत कुणी घेणार नाही. दोन खोल्या किंवा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट, यातलं दुसरंच घ्या. त्याचं कारण जेवणाच्या मुद्द्यात येईल. अपार्टमेंटवाल्याकडे 'व्हिजिटर कार्ड ल्युसर्न' मागायला विसरू नका. रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला ते फुकट मिळतं आणि शहराच्या १० नंबरच्या झोनमध्ये बस आणि लोकल गाडी त्यावर मोफत असते. क्रिएन्स याच झोनमध्ये येतं.

पासाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'कोणता पास चांगला' याला एक उत्तर नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच पास घ्यायला हवा असंही नाही. तुमच्या कामाचे तीन आहेत.

स्विस ट्रॅव्हल पास देशभर चालतो: रेल्वे, बस, तळ्यावरच्या बोटी, शहरांतल्या ट्राम. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. ल्युसर्नच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे तीन डोंगर त्यात पूर्ण येतात. पिलाटुस आणि टिटलिसला निम्मी सवलत मिळते. युंगफ्राऊयोखला मात्र ग्रिन्डेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढे फक्त २५ टक्के. अनेक जण 'पास आहे, म्हणजे सगळं फुकट' असं समजून निघतात आणि खिडकीवर हबकतात. सहा आणि आठ दिवसांच्या पासात किमतीचा फरक फारसा नसतो, त्यामुळे सहा दिवसांचा पास घेऊन विमानतळाच्या दोन प्रवासांची तिकिटं सुटी काढण्याची काटकसर सहसा अंगावर येते.

टेल-पास मध्य स्वित्झर्लंडपुरता आहे, २, ३, ४, ५ किंवा १० सलग दिवसांचा. त्यात पिलाटुस, टिटलिस, रिगी, श्टान्सरहॉर्न आणि बोटी सगळं पूर्ण धरलेलं असतं. झुरिक विमानतळ आणि बर्न त्यात नाही. म्हणजे ज्याला पिलाटुस आणि टिटलिस दोन्ही करायचे आहेत आणि प्रदेशाबाहेर जायचंच नाही, त्याच्यासाठी पाच दिवसांचा टेल-पास स्विस ट्रॅव्हल पासपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो.

तिसरं, हाफ फेअर कार्ड. हे महिनाभर चालतं आणि जवळजवळ प्रत्येक तिकीट निम्म्यात देतं, युंगफ्राऊयोखसुद्धा. आजी-आजोबा आठातले तीन-चार दिवस गावातच थांबणार असतील, तळ्याकाठी बसणार असतील, तर त्यांना सलग दिवसांचा पास नको, हे कार्ड द्या. थांबलेल्या दिवसाचे पैसे बुडत नाहीत, आणि 'पास घेतलाय म्हणून चला' असं म्हणत दुखऱ्या गुडघ्यांना ओढत न्यावं लागत नाही.

आई-बाबांसाठी मी आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास सुचवेन. गणितात टेल-पास थोडा पुढे-मागे होईल, पण हवामान बिघडलं तर देशात कुठेही पळता येण्याची मुभा या पासात आहे, आणि मे महिन्यात ती मुभा लागतेच. मुलांचं सोपं आहे. सहा वर्षांखालचा मुलगा मोठ्यांसोबत फुकट. मुलीसाठी पास घेतानाच 'स्विस फॅमिली कार्ड' मागा. ६ ते १५ वर्षांच्या मुलांना ते विनामूल्य मिळतं, पण मागितल्याशिवाय कुणी देईलच असं नाही. यात एक खाच आहे: हे कार्ड आई किंवा बाबा सोबत असतानाच चालतं. मुलगी एखाद्या दिवशी फक्त आजी-आजोबांबरोबर बोटीतून गेली, तर तिचं अर्धं तिकीट काढावं लागेल. पास मोबाइलवर असतो, तो तपासताना पासपोर्ट मागू शकतात, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आणि गाडीत चढून मग तिकीट काढू, असं तिकडे चालत नाही. तिकीट आधी हवं, नाहीतर दंड.

एवढी तयारी झाली की रोजचा दिवस कसा ठरवायचा ते बघू. सकाळी उठल्यावर आधी डोंगरांचे वेबकॅम उघडा. रिगी, पिलाटुस, टिटलिस तिघांचेही चालू कॅमेरे त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. खालून आकाश राखाडी दिसतं म्हणून बेत रद्द करू नका. विशेषतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात तळ्यावर धुक्याचा थर बसतो आणि वर १,८०० मीटरवर स्वच्छ ऊन असतं. उलटही होतं: खाली ऊन, शिखर ढगात. मे महिन्यात बहुतेकदा सकाळ मोकळी असते आणि दुपारनंतर ढग जमतात, म्हणून डोंगर सकाळी आणि बोट दुपारी. वेबकॅमनंतर एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये गाडी बघा. गाड्या दर तासाला ठरावीक मिनिटालाच सुटतात, त्यामुळे दोन दिवसांत वेळा पाठ होतात. एखादी चुकली तर पुढची अर्ध्या-एक तासात असते, मुलांना धावडवू नका.

उन्हाळ्यात भारताची वेळ साडेतीन तास पुढे असते. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे साडेचार-पाचला टक्क जागी होणार आणि संध्याकाळी सातला पेंगणार. त्यांना झोपवायची खटपट करण्यापेक्षा तेच वापरा: सकाळची पहिली-दुसरी बोट किंवा गाडी पकडा. गर्दीचे समूह साधारण साडेनऊ-दहानंतर येतात, तोवर तुम्ही वर पोचलेले असाल.

पहिला दिवस मात्र डोंगराचा नको. मुंबईहून रात्री निघणारं थेट विमान झुरिकला भल्या सकाळी उतरतं. स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे, तिथून ल्युसर्न थेट गाडीने साधारण एक तास दहा मिनिटं. पण खोली दुपारी तीनच्या आधी बहुधा मिळत नाही. सामान मुक्कामी किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका आणि तळ्यावर तास-दीड तासाची बोट घ्या. मुलं बोटीतच झोपतील, हरकत नाही. या तळ्यावर पाच जुन्या वाफेच्या बोटी आहेत: उरी (१९०१), उंटरवाल्डेन (१९०२), शिलर (१९०६), गालिया (१९१३) आणि श्टाट ल्युत्सेर्न (१९२८). वेळापत्रकात त्यांच्या फेऱ्या वेगळ्या खुणेने दाखवलेल्या असतात. मध्यभागी उभं राहिलं की खाली यंत्राचे दट्ट्ये फिरताना दिसतात, मुलांना तिथून हलवणं अवघड जातं.

पहिल्या स्वच्छ सकाळी रिगी. १,७९८ मीटर, म्हणजे उंचीचा त्रास नाही आणि पासात पूर्ण येतो. बोटीने फित्सनाऊ, सुमारे एक तास. धक्क्यासमोरच लाल रंगाची दात्यांची रेल्वे उभी असते. ही १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली डोंगरी दात्यांची रेल्वे. अर्ध्या तासात रिगी कुल्म. मोठ्यांना आणि मुलीला चालायचं असेल तर कुल्महून श्टाफेलमार्गे काल्टबाडपर्यंत उतरता येतं, तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. आजी-आजोबांनी तेवढं अंतर रेल्वेने यावं आणि काल्टबाडला भेटावं. इथे एक चूक हमखास होते. काल्टबाडहून वेगिसला केबलकारने उतरायचं असं सगळीकडे सुचवलेलं असतं. ते देखणं आहे, पण वेगिसचं केबलकार स्थानक धक्क्यापासून पंधरा मिनिटं दूर आहे आणि तो रस्ता उताराचा आहे. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. त्यामुळे आजोबांना घेऊन परत फित्सनाऊलाच उतरा, तिथे रेल्वेतून बोटीत जायला दोन मिनिटं लागतात. नाहीतर निळ्या गाडीने दुसऱ्या बाजूला आर्ट-गोल्डाऊला उतरा आणि तिथून मुख्य रेल्वेने अर्ध्या तासात ल्युसर्न. शेवटची बोट चुकली तरी हाच मार्ग कामाला येतो. गोल्डाऊला एक प्राणीउद्यान आहे, जिथे मोकळी हरणं मुलांच्या हातून खाणं खातात. १८०६ साली डोंगराचा कडा कोसळून ते अख्खं गाव गाडलं गेलं होतं, हे उद्यान त्याच दरडीच्या मोठमोठ्या दगडांमध्ये वसलेलं आहे. दुपार तिथे घालवली तर चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळ्यात जास्त लक्षात राहील ते हेच.

पिलाटुसचा फेरा प्रसिद्ध आहे: बोटीने आल्पनाखश्टाड, तिथून दात्यांच्या रेल्वेने वर, केबलकार आणि गोंडोलाने क्रिएन्सला खाली, मग बस. १८८९ साली सुरू झालेल्या या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ४८ टक्के आहे, दात्यांच्या रेल्वेत जगात सर्वांत तीव्र. एवढ्या चढावर नेहमीसारखे वरून बसणारे दाते निसटण्याची भीती होती, म्हणून एडुआर्ड लोखर या अभियंत्याने मधल्या पट्टीला दोन्ही बाजूंनी दाते दिले आणि चाकं आडवी बसवली. आल्पनाखश्टाडला गाडीखाली वाकून बघितलं तर ती पट्टी दिसते.

तुमच्यासाठी मी हा फेरा उलटा करायला सांगेन. सकाळी १ नंबरच्या बसने क्रिएन्स. थांब्यापासून गोंडोलापर्यंत थोडा चढ आहे, आजोबांना हळूहळू चालू द्या. गोंडोलाने अर्ध्या तासात फ्रॅकम्युन्टेक, पुढे मोठ्या केबलकारने काही मिनिटांत शिखर. फ्रॅकम्युन्टेकला १,३५० मीटर लांबीची उन्हाळी घसरगाडी आहे, क्रिएन्सरेकला मुलांचं मोठं क्रीडांगण आहे. परतताना दात्यांच्या रेल्वेने खाली, आणि आल्पनाखश्टाडहून थकलेल्या मुलांना घेऊन बोटीत बसायचं. पाऊस आला किंवा फार उशीर झाला तर बोटीऐवजी तिथूनच लोकल गाडी, वीस मिनिटांत ल्युसर्न. उलट्या क्रमाचा फायदा हाच, की दिवसाच्या शेवटी, जेव्हा मुलांचा संयम संपलेला असतो, तेव्हा जलद आणि संथ असे दोन्ही पर्याय हाताशी राहतात. एक अट: ही रेल्वे हिवाळ्यात बंद असते आणि साधारण मेच्या मध्याला, बर्फ बघून सुरू होते. तुमच्या तारखांना ती चालू असण्याची शक्यता चांगली आहे, पण ठरवण्याआधी संकेतस्थळ बघा.

बर्फासाठी टिटलिस. ल्युसर्न ते एंगेलबर्ग गाडीने ४३ मिनिटं, तिथून गोंडोलाने वर, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःभोवती फिरणारी केबलकार. वरचं स्थानक ३,०२० मीटरवर. सिंहगडाच्या दुपटीहून जास्त उंची तासाभरात गाठली जाते, तेव्हा डोकं जड होणं, मळमळणं, लहान मुलाने उगाच किरकिर करणं ही उंचीची लक्षणं समजा आणि खाली या. त्यावर दुसरा इलाज नाही. वर दीड तासापेक्षा जास्त थांबू नका, पळापळ करू देऊ नका, उतरताना मुलाला पाणी किंवा गोळी चघळायला द्या म्हणजे कान दुखणार नाहीत. आजोबांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, आणि शंका असेल तर त्यांनी आजींसह १,८०० मीटरवरच्या ट्र्युबझेला उतरून थांबावं. तिथे तळ्याभोवती सपाट वाट आहे, बाक आहेत. माझ्या मते पूर्ण टिटलिसपेक्षा ती जागा जास्त सुखाची आहे.

युंगफ्राऊयोख वगळा, असं स्पष्ट सांगतो. ल्युसर्नहून जाऊन-येऊन सहा-सात तास नुसत्या प्रवासात जातात, उंची ३,४५४ मीटर, सवलत कमी, आणि बर्फ तर टिटलिसला मिळालेलाच असतो. ते बघायचंच असेल तर दोन रात्री इंटरलाकेन किंवा ग्रिन्डेलवाल्डला राहायला हवं आणि मग हा प्रश्नच वेगळा होतो. त्याऐवजी ल्युसर्न–इंटरलाकेन एक्स्प्रेसने नुसता प्रवास करा, पावसाळी दिवशीही तो छान होतो. दोन तासांपेक्षा किंचित कमी वेळ, ब्र्युनिग खिंडीतून. जाताना उजव्या बाजूला बसा, सार्नेन आणि लुंगेर्न ही तळी दिसतात. माइरिंगेनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे तुम्ही जागा न बदलता पुढे ब्रिएन्झचं तळंही तुमच्याच खिडकीत येतं. दिशा उलटली म्हणून घाईने पलीकडे जाऊन बसणारे लोक डोंगराची भिंत बघत बसतात.

श्टोस आणि श्टान्सरहॉर्न राखीव ठेवा. श्टोसची २०१७ साली सुरू झालेली फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, ११० टक्के चढावरून जाते, तिचे गोल डबे चढानुसार स्वतःला सरळ ठेवतात. मुलांना गंमत, पण स्टेशनहून बस बदलावी लागते. वरची प्रसिद्ध धारेवरची वाट मेमध्ये बर्फामुळे बहुधा बंद असते, आणि उघडी असली तरी ती तुमच्यासाठी नाही. श्टान्सरहॉर्नच्या केबलकारला वर उघडा मजला आहे, अर्ध्या दिवसात होतो.

पूर्ण पावसाच्या दिवशी फेर्केअर्सहाउस, म्हणजे वाहतुकीचं संग्रहालय. खरी इंजिनं, विमानं, तारांगण, बाहेर खेळायला जागा. सकाळी दहाला शिरलात तर चारशिवाय मुलं बाहेर येणार नाहीत, म्हणून दुपारी 'जाता जाता' करू नका. बसने किंवा बोटीनेही जाता येतं. स्विस ट्रॅव्हल पासवर इथे सवलत आहे, पूर्ण फुकट नाही.

वाऱ्याचाही एक शब्द शिकून ठेवा: फ्योन. दक्षिणेकडून येणारा हा उबदार वारा जोरात सुटला की आकाश काचेसारखं स्वच्छ दिसतं, डोंगर हाताच्या अंतरावर वाटतात, आणि नेमक्या त्याच दिवशी केबलकार बंद ठेवलेल्या असतात. चित्र सुंदर आहे म्हणून निघू नका, ॲपमध्ये 'चालू' दिसतंय का ते बघा.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आणखी दोन गोष्टी. ईस्टर धरून चाळिसाव्या दिवशी येणारा 'आउफफार्ट' आणि त्यानंतरचा व्हिट मंडे या सुट्ट्या बहुधा याच सुमारास येतात. ल्युसर्न कॅथॉलिक कॅन्टन (प्रांत) असल्याने त्यापुढचा फ्रोनलाइखनामही तिथे सुट्टी असते. त्या दिवशी दुकानं बंद आणि बोटी भरलेल्या. तुमच्या वर्षीच्या तारखा आधी बघून घ्या आणि तो दिवस गावात काढा. दुसरं, वरच्या पायवाटांवर अजून बर्फ असतो, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट सगळ्यांना हवेत. वाचणाऱ्यांपैकी कुणी दिवाळीच्या सुट्टीत जाणार असेल तर नोव्हेंबर टाळावा: केबलकारची वार्षिक दुरुस्ती, बोटींच्या कमी फेऱ्या आणि धुकं, तिन्ही एकदम येतात.

आता पोटाचा प्रश्न. सहा जणांनी दोन वेळा बाहेर जेवायचं म्हटलं तर खर्च डोंगरांच्या तिकिटांना मागे टाकतो. मिग्रो आणि कोप ही रोजची दुकानं: दही, दूध, भाज्या, ब्रेड, तांदूळ सगळं मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, पण ल्युसर्न स्टेशनच्या तळघरातली उघडी असतात. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजच्या बाबतीत विचारून घ्या, अनेक पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. स्वयंपाकघरात बहुधा इंडक्शन किंवा काचेची शेगडी असते. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापणार नाही, न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला छोटा न्या. आपली जाड पिनांची वायर तिथल्या खाचेत बसत नाही. स्विस खाच तीन बारीक गोल पिनांची आणि आत दबलेली असते, त्यामुळे 'युरोप अ‍ॅडॅप्टर' म्हणून मिळणारा जाड गोल तोंडाचा प्रकारही बसत नाही. बारीक दोन पिनांचा चपटा अ‍ॅडॅप्टर घ्या.

डब्याला दशम्या, मेतकूट-भात, गुळपापडी काहीही चालतं, गाडीत आणि बोटीच्या डेकवर आपलं खाणं खाता येतं. डोंगरावरच्या हॉटेलच्या टेबलावर मात्र डबा उघडू नका, बाहेरचे बाक त्यासाठीच असतात. पाणी विकत घेऊ नका, नळाचं आणि रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं. फक्त 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तिथे नको. स्वच्छतागृह गाडीत आणि बोटीत फुकट, स्टेशनवर पैसे देऊन. म्हणून उतरण्याच्या दहा मिनिटं आधी मुलांना गाडीतच नेऊन आणा. तातडीच्या मदतीला रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, सर्वसाधारण ११२.

तूप आणि हापूस: दोन्ही नाही. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. त्यात तूप, पनीर, पेढे, खव्याची मिठाई, सगळं आलं. गुळपापडीही त्यामुळे तेलातली करा, किंवा तिथे पोचल्यावर तिथल्या लोण्याचं तूप कढवून करा, मिग्रोचं बिनमिठाचं लोणी त्याला छान चालतं. ताजी फळं आणि भाज्यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांनाच सूट आहे. आंब्याला नाही, कढीपत्त्याला आणि हिरव्या मिरचीलाही नाही. कोरडे पोहे, डाळ-तांदूळ, भाजणी, मसाले, लोणचं न्या. आणि नारळ चालतो म्हणून ओलं खोबरं घेऊन जाण्यापेक्षा सुकं न्या, आठ दिवस टिकतं.